राजापूरचा हातगुण

माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळांपासून मनगटापर्यंत, एक लालजांभळा डाग आहे. जन्माचाच. कोकमाचा रस सांडावा आणि पुसायचा राहून जावा, तसा त्याचा रंग. नवखी माणसं आधी 'भाजलं का हो?' असं विचारतात आणि जन्माचा आहे म्हटलं की ओशाळून दुसरीकडे बघतात. या डागाचं वाईट वाटून घ्यायचं असतं, असं लहानपणी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसत सुटले असते. आमच्या वाडीत माझ्या हाताला जो मान होता तो सरपंचालाही नव्हता. लोणच्याच्या बरणीत मिठाची पहिली मूठ माझ्या हाताने पडायची. कुणाची गाय व्यायला झाली की तिच्या पाठीवरून माझा हात फिरायचा. दहावीला बसणारी मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी पॅड घेऊन ओटीवर यायची आणि मी, तेव्हा स्वतः सातवीत आणि गणितात काठावर, त्या पॅडवर गंभीर चेहऱ्याने हात ठेवायची. त्यातला एक जण गणितात गेलाच. त्याची आई तक्रार घेऊन आली तेव्हा आमची आत्या तिला म्हणाली, "अगो, तिनं हात पॅडवर ठेवलान. डोक्यावर ठेवायला तू सांगितलंस कुठे?"

या सगळ्याला आमच्याकडे हातगुण म्हणत. मीनलचा हातगुण. मिरकरवाड्याचे दामूकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे, नानांचे, शाळेपासूनचे मित्र, नवं जाळं पाण्यात टाकायच्या आधी मला मुद्दाम बोलावून घ्यायचे. मी जाळ्याला हात लावायचा, त्यांनी नारळ फोडायचा आणि संध्याकाळी आमच्या घरी पानात गुंडाळलेले बांगडे यायचे. थोरली ताई पहिल्या नंबरातली होती, शिवाय गोरी, शिवाय तिला पेटी वाजवता यायची. माझ्याकडे हात होता. मला तेवढा पुरत होता.

घर रत्नागिरीच्या बाहेर, कातळावर. समोर कुंपणाचा चिऱ्याचा गडगा, मागे नानांची दीडेकशे हापूसची कलमं. त्यांचा स्वभाव असा की मोहोर दिसला की त्यांना थेट आंबा दिसायचा. रेल्वे तेव्हा नवीनच सुरू झाली होती आणि लांबून तिची शिट्टी आली की नाना त्यावर घड्याळ लावायचे. गाडी बहुतेक वेळा उशिरा असल्यामुळे आमचं घड्याळ कायम मागे असायचं. आई कमी बोलायची आणि कामात बुडालेली असायची. सकाळी बिडाच्या तव्यावर घावने टाकताना होणारा चर्र असा आवाज हेच आमचं खरं घड्याळ. आणि माई आत्या. नानांची मोठी बहीण, लग्न न केलेली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. घरातल्या सगळ्यांच्या वतीने तीच बोलायची. तिला माहीत नाही असं काही नव्हतं, आणि जे माहीत नसेल ते ती आणखी ठामपणे सांगायची. हातगुणाचं शास्त्रही तिच्याकडूनच आलेलं. "राजापुराकडे असा हात शंभरातल्या एकीचा असतो," ती म्हणायची, आणि राजापुराकडून आलेली गोष्ट तपासून बघायला वाडीतलं कोण कशाला तिकडे जातंय?

वर्षातला माझा मोठा दिवस गुढीपाडव्याचा. आमच्या मांगरात, म्हणजे कलमांमधल्या आंबे ठेवायच्या खोपटात, त्या दिवशी पहिली अढी लागायची. जमिनीवर पेंढ्याचा जाड थर पसरायचा, त्यावर नुकते उतरवलेले हिरवे आंबे एकाशेजारी एक मांडायचे, वर पुन्हा पेंढा. मग दहा-बारा दिवस वास घेत थांबायचं. यातला पहिला आंबा माझ्या हाताने ठेवायचा असा नेम, आणि ते बघायला सगळे मांगरात जमायचे. आई तेवढी दारात थांबायची. पेंढ्याने तिला शिंका येतात, असं ती सांगायची.

त्या वर्षी थंडी सरता सरता माझ्या डागाला खाज सुटली. आधी नुसती गुदगुली. मग धड लिहू देईना. मी जेवताना डाव्या हाताने उजवा खाजवत बसले होते ते नानांनी बघितलं आणि हातातला घास तसाच ठेवून ते ओरडले, "माई, उजवा हात खाजतोय हिचा!" आता उजवा हात खाजला की लक्ष्मी येते हे तर सगळ्यांनाच ठाऊक. तो सुद्धा कुणाचा उजवा हात, तर माझा! आणि हातावर तरी कुठे, तर नेमका त्या डागावर! आत्याने डोळे मिटून मान डोलावली. "यंदा आंबा धो धो," ती म्हणाली. नाना दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेले आणि नेहमीपेक्षा साठ पेट्या जास्त सांगून आले.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे खाजवण्याचे आठवडे होते. एरवी मूल खाजवायला लागलं की मोठी माणसं हातावर चापट मारतात. मला कुणी अडवत नव्हतं. नाना येता-जाता विचारायचे, "खाजतोय ना गो?" मी जोरात 'हो' म्हणायचे आणि ते खूश होऊन मोहोरावर फवारणी करायला निघून जायचे. शेजारच्या काकू लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आल्या, म्हणाल्या, हात जागा झालाय तेवढ्यात मीठ घालून घेऊ. मी त्या रसरसलेल्या हाताने मीठ घातलं. असं चुरचुरलं की डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी त्याला आनंदाश्रू म्हटलं.

आईने मात्र एका दुपारी माझा हात धरून अंगणात उन्हात नेला. डाग पार बदलला होता. वर खपल्या, मधे चिरा, कडेने पाणी सुटलेलं. आणि गंमत म्हणजे सगळं डागाच्या हद्दीत. कुणी गडगा घालून द्यावा तशी डागाबाहेरची कातडी अगदी स्वच्छ. आई बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि त्या रात्री जेवली नाही.

मग घरात वाद. आत्याने मुठेल काढलं. कोकमाच्या बियांचं हे तेल थिजून गोळा होतं आणि भेगाळलेल्या टाचांना आमच्याकडे तेच लावतात. त्याने थोडं बरं वाटलं, पण खाज हटेना. नानांचं म्हणणं, डॉक्टरकडे जाऊ, पण पाडव्यानंतर. "औषधानं गुण उतरला म्हणजे?" ते म्हणाले. त्यावर आई, जी नानांपुढे कधी आवाज चढवत नसे, स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "उद्याच्या सकाळच्या एसटीनं मी हिला घेऊन जाते. तुम्ही यायचं तर या."

नाना आले. शहरातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंग लावून हात बघितला आणि विचारलं, "हा हात कशाकशाला लागतो?" मी यादी सांगायला लागले. लोणच्याचं मीठ, नव्या भिंतीला पहिला हात मारायचा चुना, जाळं, गाय, आंबा, पॅड. त्यांनी लिहिणं थांबवून नानांकडे बघितलं. नानांनी सगळा खुलासा केला. खाज सुटली त्याचा आनंद कसा झाला तेही सांगितलं, पेट्यांसकट. डॉक्टरीणबाई हसू आवरायला खिडकीकडे वळल्या ते मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी नीट समजावलं. डागाच्या जागी कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यामुळे तेवढी जागा हळवी. कधीकधी इसब उठतो तो बरोबर तेवढ्याच जागेवर उठतो, तसंच हे झालंय. का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण मीठ, चुना आणि खाजवणं यांनी ते चिघळलंय. हे मलम दिवसातून दोनदा लावायचं, हात कोरडा पडू द्यायचा नाही. इसब जाईल, डाग आहे तसा राहील. "आणि आंब्याच्या चिकाला महिनाभर हात लावायचा नाही," असं म्हणून त्यांनी नानांकडे रोखून बघितलं. पाडवा दहा दिवसांवर होता. नाना पडेल चेहऱ्याने उठले. आई मागे रेंगाळली. तिने हळूच विचारलं, "बाई, ग्रहणाचं काही असतं का हो यात?" बाई म्हणाल्या, "नाही हो. काही संबंध नाही." आईने मान हलवली. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून हलवतात, तशी. मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही.

आता खरं सांगायचं तर मी ते मलम लावलंच नाही. डाग राहील असं बाई म्हणाल्या होत्या, पण मला ते पटेना. वरचं कुठलं आणि खालचं कुठलं हे त्या मलमाला कसं कळणार? इसब पुसता पुसता त्याने डागही पुसला तर? मग मी कोण? ताई पहिल्या नंबरातली, गोरी, पेटी वाजवणारी, आणि मी नुसती तिची बहीण. त्यापेक्षा खाज बरी. म्हणून मी रोज दोनदा नळी घेऊन परसात जायचे, वाटाण्याएवढं मलम पिळायचे, जास्वंदीच्या बुडात पुरायचे आणि हातावर फुंकर घालत परत यायचे. आज हे आठवलं की त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटतं आणि तिच्या एक थोबाडीतही द्यावीशी वाटते.

पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी दुपारी आत्याने मला मागच्या पडवीत बोलावलं. ती सुपात कुळीथ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "काय गो मीने, जास्वंदीला इसब झालाय?"

मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. डाग गेला की हातगुण गेला, मग मला कोण विचारणार, वगैरे वगैरे. आत्याने सूप बाजूला ठेवलं.

"तुझ्या बारशाला बायका जमल्या होत्या," ती म्हणाली. "तुझा हात बघितलानी आणि सगळ्या गप्प. मग एकीनं विचारलंन, ग्रहणात विळीला हात लावला होतास काय? लावला होतान तुझ्या आईनं. सवयीनं बसली आणि कैरी चिरलीन. दुसऱ्या क्षणाला आठवलं, टाकलीन, पण चिरली ती चिरली. त्या दिवसापासून तुझी आई तुझा हात दुपट्याबाहेर काढीना. दूध पाजतानासुद्धा गुंडाळलेला. दुसऱ्या पोरींचे हात बघायची आणि रडायची. मला बघवेना गो. मग मांगरात पहिली अढी लावत होते, तर मी तुला उचललं, दुपटं सोडलं आणि तुझा हात टेकवला आंब्याला. सगळ्यांना सांगितलं, राजापुराकडे याला हातगुण म्हणतात."

"आणि मग आंबा धो धो आला," मी म्हटलं. हा भाग मला पाठ होता.

"बरा आला. येतो त्याच्याएवढा."

"पण राजापुराकडे..."

"राजापुराकडे असलं काय नाय गो. राजापूर मी एसटीच्या खिडकीतनं बघितलंय. दोनदा."

बारा-तेरा वर्षांचं माझं सगळं वैभव, दामूकाकांचे बांगडे, दहावीची पॅडं, सगळं एका बाईने उभ्याउभ्या रचलेलं होतं. वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते दुपटं सोडणं येत होतं, आणि मला एकदम इतकं हसू फुटलं की आत्याही हसायला लागली. सुपातले निवडलेले कुळीथ पुन्हा न निवडलेल्यांत सांडले. "आईला माहीत्ये?" मी विचारलं. "छे. आणि सांगायचं नाही. शपथ घे." मी शपथ घेतली, आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा मलम हाताला लावलं. गार वाटलं.

झोपायच्या आधी एक गोष्ट मनात आली आणि जाईना. आई रोज गाईला पेंढा घालते. गादीतला पेंढा तीच बदलते. तिला मी कधी शिंकताना बघितलेलं नव्हतं.

पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर गिळून झाला आणि सगळे मांगरात जमले. पेंढा पसरलेला होता, हिरव्या आंब्यांच्या पाट्या ओळीने ठेवल्या होत्या, दामूकाका मुद्दाम मिरकरवाड्याहून आले होते. माझ्या हाताला आत्याच्या जुन्या मऊ पातळाची पट्टी होती. नानांनी तोडगा काढला होता की मी पट्टीसकट नुसतं टेकवल्यासारखं करावं. आई नेहमीप्रमाणे दारात.

मी म्हटलं, "डॉक्टरांनी हात लावू नको सांगितलंय. यंदा पहिला आंबा आई ठेवेल."

"मी नको गो," आई पटकन म्हणाली. "पेंढ्यानं मला..." आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. इतकी वर्षं हा हात मला मिरवू देऊन तिने स्वतःचा लपवून ठेवला होता. मी तिच्याजवळ गेले. डाव्या हाताने तिचा उजवा हात पदराखालून बाहेर ओढला. "माझा हात आला कुठनं? तुझ्यातनंच ना?" नाना गोंधळून आत्याकडे बघायला लागले. वाडीतल्या बायका एकमेकींकडे. आत्या खाकरली.

"राजापुराकडे असंच करतात," ती म्हणाली. "मुलीचा हात दुखावला तर आईचाच लागतो. दुसऱ्या कुणाचा चालत नाही."

आता राजापूरच म्हणतंय म्हटल्यावर प्रश्न मिटला. दामूकाकांनी पाटीतला चांगला भरलेला आंबा निवडून आईच्या हातात दिला. ती गुडघ्यांवर बसली. आंबा पेंढ्यात ठेवला, पण हात उचलेना. तो तसाच आंब्यावर राहिला, बांगड्या मनगटावर खाली आलेल्या, बोटांना मघाच्या हळदीचा रंग. मग तिने नाक पुसलं आणि कुणाकडे न बघता हात मागे केला. "दुसरा द्या," ती म्हणाली. त्या दिवशी अख्खी अढी तिने एकटीने लावली. एक शिंक आली नाही.

आंबा त्या वर्षी आला, येतो त्याच्याएवढा. आईच्या अढीतले आंबे काढले तेव्हा मांगराच्या बाहेरपर्यंत वास आला होता, आणि त्यातल्या दोन-तीन आंब्यांत साकाही निघाला, म्हणजे आतला गर पांढरट पडलेला, नासका. तो कुणाच्याही अढीत निघतो. साठ पेट्या उरल्या त्या उरल्याच. त्यांत पुढे कांदे राहिले, ताईची पुस्तकं राहिली, मांजरीने एकदा चार पिल्लं घातली. माझा इसब महिन्याभरात गेला. डाग राहिला. आता तर वयाबरोबर तो गडद झालाय आणि थंडीत मी न विसरता त्याला तेल लावते. लोणच्याचं मीठ त्या वर्षानंतर आमच्याकडे आई घालू लागली. पॅडं घेऊन मुलं माझ्याकडेच येत राहिली आणि मी हात ठेवत राहिले. शपथ घेतली होती ना.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. परवा दामूकाकांच्या नातीला मुलगी झाली म्हणून आई आणि मी मिरकरवाड्याला गेलो होतो. आईची आता सत्तरी उलटली आहे, गुडघे धरतात, पण बाळ बघायला ती कुठेही येते. बाळाच्या डाव्या पावलावर, टाचेपासून घोट्यापर्यंत, लालजांभळा डाग. खोलीतल्या बायका गप्प होत्या. ते गप्प बसणं मी ओळखलं. बाळंतीण पावलावर पुन्हा पुन्हा दुपटं ओढत होती. कोपऱ्यातून कुणीतरी ग्रहणाचं काहीतरी पुटपुटलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण आई माझ्या आधी पुढे झाली. तिने दुपटं सोडलं, ते एवढंसं पाऊल आपल्या उजव्या तळहातावर घेतलं आणि चष्मा वर करून बघितलं.

"अगो, रडतेस काय?" ती म्हणाली. "राजापुराकडे याला पायगुण म्हणतात. शंभरातल्या एकीचा असतो."

मी आईकडे बघितलं. आई उभ्या जन्मात राजापूरला गेलेली नाही, आणि हातगुणाच्या गोष्टीत पायगुण कधीच नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला कधी कळलं, कुणी सांगितलं, की त्या पहिल्या अढीपासूनच माहीत होतं, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

"खरंच काय हो?" बाळंतिणीने मला विचारलं.

"म्हणजे काय," मी माझा उजवा हात पुढे करून म्हटलं. "पुढचं नवं जाळं टाकाल तेव्हा आधी हिचा पाय लावा. आणि पायाला रोज तेल लाव गो, कोरडा पडू देऊ नकोस."